एल्विसला रॉक अँड रोलचा राजा म्हणणं मला पटत नाही

जुनी_टेप:
काल सिस्टर रोझेटा थार्प या काळ्या अमेरिकन गॉस्पेल (चर्चच्या भक्तिगीतांच्या) गायिकेचं १९६४ सालचं मँचेस्टरचं शूटिंग परत बघितलं. बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, पावसाने ओला झालेला फलाट, समोरच्या फलाटावर दाटीवाटीने बसलेली गोरी पोरं आणि ही पन्नाशीला टेकलेली बाई घोडागाडीतून उतरते, अंगात कोट, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि 'डिडन्ट इट रेन' सुरू करते. मधला गिटारचा तुकडा ऐका फक्त, अंगावर काटा येतो. १९४४ ला हिने 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' रेकॉर्ड केलं तेव्हा एल्विस प्रेस्ली नऊ वर्षांचा होता हो! तरी राजा तो आणि ही १९७३ ला गेली तर फिलाडेल्फियातल्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. 'हाउंड डॉग' गाण्याचंही तेच, बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने १९५३ ला गाजवलं, आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, म्हणजे तेव्हाचं काळ्यांचं लोकप्रिय संगीत) यादीत सात आठवडे एक नंबर, आणि ती सांगायची की हातात आला तो ५०० डॉलरचा एक चेक. १९५६ ला एल्विसने तेच गायलं आणि जग त्याचं झालं. मला तरी हे आयत्या बिळावर नागोबा वाटतं.

साधा_श्रोता:
नागोबा म्हणालात ते लागलं मला, कारण मी त्याच्या गाण्यांवरच वाढलोय. 'हाउंड डॉग' लिहिलं लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी, दोघंही तेव्हा १९ वर्षांचे, आणि एल्विसने ते उचललं लास वेगासमधल्या एका गोऱ्या बँडचं ऐकून. मग बीळ नक्की कोणाचं? आणि त्याने कधी लपवलं नाही, १९५६ मध्ये पेपरवाल्यांना सरळ सांगितलं की काळे लोक हे माझ्या आधीपासून गातायत, आर्थर क्रडप या काळ्या ब्लूज गायकाचं नाव घेऊन सांगितलं. आपल्याकडे एकच बंदिश दहा गवई गातात, कोणी चोर म्हणतं का त्यांना? कोण कशी मांडतो ते बघतो आपण.

मारवा:
बंदिशीचं उदाहरण तुम्ही काढलंत म्हणून बोलते. सदारंगाची चीज गाताना अंतऱ्यात सदारंगाचं नाव येतंच, माणूस जाऊन अडीचशे वर्षं झाली तरी गवयाला ते घ्यावंच लागतं. आता गंमत नाही, वाईट वाटावं अशी गोष्ट सांगते. एल्विसची पहिली रेकॉर्ड 'दॅट्स ऑल राइट', १९५४, मेम्फिसचा सन स्टुडिओ, तिच्या लेबलवर कंसात आर्थर क्रडप असं छापलेलं आहे. म्हणजे नाव होतं! पण पैसे त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत, रॉयल्टीच्या भांडणाला कंटाळून त्याने रेकॉर्डिंग सोडलं, मजुरी केली, १९७४ ला गेला. तेव्हा एल्विसने श्रेय दिलं हे खरं, आणि क्रडप उपाशी राहिला हेही खरं. याला जबाबदार कंपन्या आणि मॅनेजर, पण राजा म्हणताना आपण तो हिशोब विसरतो ना.

जुनी_टेप:
मारवाताई, बरोबर. नागोबा हा शब्द मी मागे घेतो, पोरगा १९ वर्षांचा ट्रक चालवणारा, त्याच्या मनात खोट नव्हती. पण मेम्फिसमध्ये रेडिओ निवेदक ड्यूई फिलिप्सने ती रेकॉर्ड लावली तेव्हा फोनवर फोन आले आणि एल्विसला मुलाखतीला बोलावून त्याने काय विचारलं, तर शाळा कुठली. ह्यूम्स हायस्कूल. झालं, ऐकणाऱ्यांना कळलं पोरगा गोरा आहे, कारण काळ्या-गोऱ्यांच्या शाळाच वेगवेगळ्या होत्या. एका शाळेच्या नावावर जी दारं उघडली ती रोझेटाने कितीही वाजवलं असतं तरी उघडली नसती, आणि माझं दुखणं हेच आहे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत एल्विस १९८६ च्या पहिल्याच तुकडीत, रोझेटा २०१८ ला, बिग मामा तर २०२४ ला!

साधा_श्रोता:
शाळेवाल्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. दारं त्याच्यासाठीच उघडली, कबूल. पण आत जाऊन त्याने काय केलं तेही ऐका ना. क्रडपच्या मूळ रेकॉर्डला ड्रम आहेत, एल्विसच्या रेकॉर्डला ड्रमच नाहीत, तीनच माणसं, बिल ब्लॅक उभ्या बासच्या तारा ओढून लाकडावर आपटतोय आणि त्या टकटकीवर सगळं गाणं पळतंय, वर स्कॉटी मूरची गिटार. क्रडप जड पावलांनी गातो, हा उड्या मारत. ही नक्कल नाही हो. राजा हा शब्द सोडायला मी तयार आहे, हे गाणं सोडणार नाही.

जुनी_टेप:
गाणं सोडा असं मीही म्हणत नाही. आज रात्री दोन्ही रेकॉर्डी लागोपाठ लावतो, आधी क्रडपची.