मदत हवी आहे: नीटचा पेपर दुपारी दोनला आणि लेकीला नेमकी तेव्हाच झोप येते

नमस्कार मंडळी. लेकीची बारावी झाली, मेच्या पहिल्या रविवारी तिची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा आहे. जेमतेम तीन आठवडे उरलेत. अभ्यासाचं मला काही विचारायचं नाही, तो तिने दोन वर्षं मान मोडून केलाय. तिच्या क्लाससाठी आम्ही दोघी अकोल्यात खोली घेऊन राहतो.

अडचण वेगळी आहे. तिच्या अभ्यासाचा सगळा जोर रात्री. दीड-दोनपर्यंत जागते, सकाळी उशिरा उठते आणि दुपारी जेवण झालं की कूलरसमोर गाढ झोपते. पेपर मात्र दोन ते पाच. क्लासच्या टेस्ट उन्हामुळे सकाळीच होतात, त्यामुळे हे कधी समोर आलं नाही. परवा तिला घरीच दोन वाजता पूर्ण पेपर लावायला सांगितला. बायोलॉजीचे नव्वद प्रश्न झपाझप झाले. तीनच्या सुमारास फिजिक्स उघडलं आणि मी समोरून बघतेय, एकाच गणितावर बोट ठेवून ती तेच तेच वाचतेय. नंतर ओएमआर, म्हणजे गोळे भरायचा उत्तरांचा कागद, तपासला तर एका प्रश्नापासून पुढचे गोळे एकेक ओळ खाली गेलेले. येत असलेली उत्तरं चुकीची ठरली, वर प्रत्येकी एक मार्क कापला गेला. सकाळच्या पेपरपेक्षा साठ-सत्तर मार्क कमी. तेव्हापासून पोर अबोल झालीय.

झोपेची वेळ इतक्या दिवसांत फिरते का? फिरवायची कशी? त्या दिवशी जेवायला काय द्यावं आणि किती वाजता? इथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पाणी कमी प्यायली तर डोकं दुखतं आणि जास्त प्यायली तर पेपरात उठावं लागेल, ही तिची धास्ती. आणखी एक, मोकळेपणाने विचारते. तिची पाळी नेमकी त्याच आठवड्यात येते आणि पहिल्या दिवशी पोटात खूप दुखतं. पुढे ढकलायची गोळी द्यावी का? शेजारच्या वहिनी म्हणतात मेडिकलमधून आणा, काही होत नाही. मला धीर होत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी आता एमबीबीएसला आहे, लातूरला तयारी केली होती. माझंही चक्र असंच उलटं होतं. तीन आठवडे भरपूर आहेत. पण आज दोनला झोपणारीला उद्या दहाला झोपवू नका, नुसती छताकडे बघत पडेल. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे या. झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ आधी पक्की करा, कारण झोप आपोआप त्यामागे येते. उठल्याबरोबर गच्चीवर किंवा अंगणात उजेडात अर्धा तास, तिथेच चहा. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं. दुपारची झोप बंद. अगदीच डोळे मिटायला लागले तर वीस मिनिटं, तीही दीडच्या आत.

आणि रोज दोन ते पाच पेपरच. पंखा आहे, कूलर नाही अशा खोलीत, साध्या खुर्चीवर. सेंटरवर काय मिळेल सांगता येत नाही. तिला विषयांचा क्रमही बदलून बघू द्या. मी फिजिक्स मधे घेतलं आणि बायोलॉजी शेवटी, कारण पेंगुळलेल्या डोक्याला ओळखीचं वाचायला सोपं जातं. गोळे मात्र पान संपलं की लगेच भरायचे, शेवटी एकदम भरायला ठेवायचे नाहीत.

प्रतिसाद २

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त पाळीबद्दल लिहिते. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. ती पाळीच्या अंदाजे तारखेच्या काही दिवस आधी सुरू करावी लागते, तारीख डोक्यावर आल्यावर घेऊन उपयोग नाही. काही मुलींना मळमळतं, पोट फुगतं. रक्तात गुठळी होण्याचा त्रास तिला किंवा घरात कुणाला असेल, अर्धशिशी असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. याच आठवड्यात मुलीला घेऊन जा. बऱ्याचदा गोळीने ढकलण्यापेक्षा दुखण्यावरचं औषध वेळेत घेणं पुरतं. ते कुठलं आणि किती, हे त्याच भेटीत विचारा. औषध कुठलंही असो, पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी घेऊ नये.

प्रतिसाद ३

काकू, गेटमधून दीडनंतर आत सोडत नाहीत आणि झडतीची रांग उन्हात असते. त्यामुळे जेवण अकराच्या आसपास उरकायचं. भाताचा ढीग नको. ज्वारीची भाकरी, वरण, थोडी भाजी, ताक. पाणी सकाळपासून थोडं थोडं, एकनंतर फक्त घोट घोट. पारदर्शक बाटली आत नेता येते. लांब बाह्या आणि बूट चालत नाहीत, तेव्हा सुती हाफ बाह्या आणि चपला. त्याच कपड्यांत एकदा घरी पेपर सोडवू द्या.

छातीत धडधडलं तर श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. हेही रोजच्या पेपराआधी करू द्या, म्हणजे त्या दिवशी आठवावं लागणार नाही.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे उद्याच जाते. उठण्याची वेळ आजपासून साडेसात धरलीय, ती कुरकुरत का होईना तयार झाली. रोज दोनचा पेपर तिने स्वतःच तक्त्यावर लिहिला.

एक राहिलं. गावाकडून रोज फोन येतात, आजी-आजोबा, मामा, सगळे प्रेमानेच विचारतात, "किती पडतील?" फोन ठेवला की तासभर तिचं पुस्तकात लक्ष नसतं. म्हाताऱ्या माणसांना न दुखावता हे थांबवायचं कसं? कुणी घरात केलं असेल तर नेमकं काय सांगितलंत ते लिहा.