लांब वळणावर पेट्रोल तुटते, ते पंप लहान म्हणून नव्हे

टाकी पाव भरलेली असताना ट्रॅकवरील लांब उजव्या वळणात गाडी अडखळते आणि सरळ पट्ट्यावर येताच सुरळीत होते, असे आपण लिहिले आहे. त्यावर मोठा पेट्रोल पंप बसवण्याचा जो उपाय आपल्याला सुचवला गेला, तो मला पटत नाही. वळणातला बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर टाकीतील पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो, पंपाचे तोंड उघडे पडून तो हवा ओढतो आणि नेमक्या पूर्ण ॲक्सिलरेटरवर मिश्रण लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) पिस्टनला धोका पोहोचतो. वाई-पाचगणी रस्त्यावरील पसरणी घाटात गाडी निर्दोष चालते यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण तिथे वेग कमी असतो आणि त्यामुळे बाजूचा जोरही कमी.

आधी निम्म्याहून अधिक टाकी भरून पाहावे. वजनाची चिंता नको; २० लिटर पेट्रोलचे वजन जेमतेम १५ किलो. तरीही अडखळल्यास दीड-दोन लिटरची सर्ज टँक, म्हणजे मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामधली छोटी जोडटाकी, बसवावी. मूळ पंप ती सतत भरलेली ठेवतो, इंजिनला दाबाने पेट्रोल देणारा दुसरा पंप तिच्या तळातून ओढतो आणि जास्तीचे पेट्रोल वरच्या नळीने मुख्य टाकीत परतते. साताऱ्यात काम करून घेणार असाल, तर फ्युएल इंजेक्शनचा दाब सहन करणारी नळी आणि तिचेच क्लॅम्प स्वतः नेऊन द्यावेत; साध्या रबरी नळीवर भागवू देऊ नये.