आर या प्रोग्रामिंग भाषेत एकच आकडा तीन ठिकाणी तीन तऱ्हेने का छापला जातो?

प्रश्न:
एका स्तंभात १२३४.५६७८ आहे. टिबल (आरमधला तक्त्याचा एक प्रकार) छापलं की तिथे '१२३५.' दिसतं, शेवटी नुसता टिंब. तोच स्तंभ डॉलर चिन्हाने बाहेर काढला की १२३४.५६८, आणि पेस्ट (मजकूर जोडणारं फंक्शन) वापरलं की पूर्ण १२३४.५६७८. मध्येच कुठे राउंडिंग होतंय का? अहवालात सगळीकडे दोन दशांश हवे आहेत, तर ऑप्शन्समध्ये (आरच्या सेटिंग्जमध्ये) डिजिट्स = २ पुरेल?

उत्तर १:
मूळ किंमत शाबूत आहे, छापणारे तिघे वेगळे आहेत. टिबलसाठी पिलर पॅकेज ३ सार्थ अंक (पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले) धरतं, पण दशांशचिन्हाच्या डावीकडचे अंक गाळत नाही. तो टिंब म्हणजे 'पुढे अपूर्णांक लपलाय'. जास्त हवं तर ऑप्शन्समध्ये पिलर.सिगफिग = ७. साध्या प्रिंटचा डिफॉल्ट ७, पेस्टचा १५. सीएसव्ही लिहितानाही १५ पर्यंत अंक जातात, त्यामुळे फाइलची काळजी नको.

डिजिट्स = २ मात्र अजिबात नको! ते सार्थ अंक आहेत, दशांश स्थळं नव्हेत. १२३४.५६७८ चे १२३५ होतील, ०.०१२३४ चे ०.०१२. राउंडनेही भागत नाही, ३.१० छापताना ३.१ च दिसतं. स्प्रिंटएफ फंक्शनला '%.२एफ' (म्हणजे दोन दशांश स्थळं) द्या. उत्तर मजकूर म्हणून येतं, त्यावर बेरीज-सरासरी चालत नाही, म्हणून हे अगदी शेवटच्या पायरीला.

उत्तर २:
वरच्यात एक भर. व्हेक्टर (एकाच प्रकारच्या किमतींची रांग) छापताना सगळ्या घटकांना एकच साचा लागतो. ज्याला ७ सार्थ अंकांसाठी सर्वांत जास्त दशांश स्थळं लागतात, त्याच्याप्रमाणे बाकीचे ताणले जातात. १२३४.५६७८ आणि ०.१२३४५६७८९ एकत्र छापा: १२३४.५६७८००० आणि ०.१२३४५६८. पहिल्याला फुकटची शून्यं मिळाली, ती अचूकता समजू नका.

घातांकाचं रूपही रुंदीवर ठरतं. १००००० ला सहा जागा, १ई+०५ ला (१ गुणिले १० चा पाचवा घात) पाच, म्हणून दुसरं छापलं जातं. ऑप्शन्समध्ये सायपेन = १०० केलं की थांबतं.

समरीत (किमतींचा सारांश देणारं फंक्शन) १५५५५ चे १५५६० दिसत असतील तर आरची आवृत्ती ३.४.० च्या आधीची आहे. तिथे समरी किंमतच राउंड करायची, त्यामुळे नुसतं डिजिट्स वाढवून छापलं तरी गेलेले अंक परत येत नाहीत. समरीलाच डिजिट्स द्यावं लागतं.

प्रश्नकर्ता:
स्प्रिंटएफने काम झालं. पण एका तक्त्यात तीन सार्थ अंकच हवेत, आणि साइनिफ (ठरावीक सार्थ अंकांपर्यंत राउंड करणारं फंक्शन) ०.०५०० चे ०.०५ करतं.

उत्तर १:
साइनिफ संख्या परत देतं, आणि संख्येला शेपटीची शून्यं नसतातच. फॉरमॅटसी हे फंक्शन वापरा: डिजिट्स = ३, फॉरमॅट 'जी', फ्लॅग '#'. ०.०५०० मिळेल. फक्त हजाराच्या पुढे 'जी' घातांकात जातं, १२३४.५६७८ चे १.२३ई+०३. तक्त्यात मोठे आकडे असतील तर त्यांच्यापुरतं 'एफजी' द्या, फ्लॅगशिवाय.