मदत हवी आहे: उपग्रहाच्या रडारनं नदीची पातळी काढतोय, आकडा सत्तर मीटर कमी येतोय

नदीकाठचा_पोरगा
पाऊस लागायच्या आत हे मिटवायचंय, म्हणून लवकर सांगा. उपग्रहाचा डेटा उतरवून घेतलाय, आमच्या गावाजवळचे बिंदू निवडले, सरासरी काढली. पातळी साडेचारशेच्या घरात येते. आमचं गाव सव्वापाचशेच्या वर आहे हे शेंबडं पोरही सांगेल. गडबड कुठं आहे? मला नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी कधी काढायच्या तेवढं आधी कळलं की झालं.

रडारवाला
कुठली नदी? कुठला उपग्रह? कुठली फाईल? "उपग्रहाचा डेटा" म्हणजे बाजारात जाऊन "भाजी द्या" म्हटल्यासारखं झालं.

सीमावासी
सेंटिनेल-१ वापरा, युरोपचा रडार उपग्रह. ढगातूनही दिसतं. पूर आलेला भाग काळा येतो, गुगल अर्थ इंजिनवर (उपग्रहाची चित्रं तपासायचं ऑनलाइन साधन) अर्ध्या तासाचं काम. मी २०१९ च्या पुराचा चिक्कोडी तालुक्याचा नकाशा केला होता, टाकू का?

रडारवाला
त्यानं पाणी कुठवर पसरलं ते कळतं, किती चढलं ते नाही. त्यांना पातळी हवीय.

अण्णा_निपाणी
हे सगळं कशाला? कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याला किती फूट झालं, ते कानावर आलं की मोटार काढायची. आमचे वडील पाण्याचा रंग बघून सांगायचे.

नदीकाठचा_पोरगा
अण्णा, मी दूधगंगेवर आहे. कोयनेचं पाणी इकडं येत नाही.

अण्णा_निपाणी
मग आधी सांगायचं की!

नदीकाठचा_पोरगा
मलिकवाड-दत्तवाड बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. उपग्रह स्वॉट, पाण्याची उंची मोजणारा. फाईल पिक्सेल क्लाउडची, म्हणजे सुट्या बिंदूंची, त्यातला उंचीचा रकाना घेतलाय. जिऑइडचाही एक रकाना आहे, तो मिळवून बघितला तर आकडा आणखी खाली गेला.

रडारवाला
आता कळलं. त्या फाईलमधली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरलेला असतो, त्याच्यापासून मोजलेली असते. दक्षिण भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, म्हणजे जिऑइड, त्या आकाराच्या बराच खाली आहे, आपल्याकडं सत्तर मीटरहून जास्त. म्हणून जिऑइडचा आकडा ऋण दिसतो. तो वजा करायचा. ऋण वजा केलं की बेरीज होते. जवळच भरती-ओहोटीच्या दुरुस्त्यांचे रकाने आहेत (जमिनीच्याही असतात बरं का), तेही वजा करा, पण त्यांनी फरक सेंटीमीटरांचाच पडतो.
नाहीतर सरळ नद्यांची तयार फाईल घ्या. साधारण दर २०० मीटरला एक बिंदू असतो, आणि पाण्याच्या पातळीच्या रकान्यात जिऑइड आधीच वजा केलेला असतो.

पूल_सेन्सर
एवढी कसरत कशाला? पुलाच्या कठड्याला खाली तोंड करून रडार सेन्सर बसवा, सिमकार्ड घाला, दर दहा मिनिटाला मेसेज. आमच्या ओढ्यावर बसवलाय, मस्त चालतोय.

नदीकाठचा_पोरगा
आमचा बंधारा पहिल्या मोठ्या पावसातच पाण्याखाली जातो. सेन्सर कुणाच्या कठड्याला लावू?

पूल_सेन्सर
वरच्या मोठ्या पुलाला लावा मग. परवानगी तेवढी काढा.

सीमावासी
परवानगी! अर्ज कन्नडमध्ये लिहून द्या, मग तो नदी कुणाच्या हद्दीत येते याच्यावर वर्षभर फिरेल. अलीकडचा काठ कर्नाटक, पलीकडचा महाराष्ट्र.

कृष्णाकाठ
मूळ दुखणं कृष्णेवरचं कर्नाटकातलं आलमट्टी धरण आहे. त्याची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ करायला निघालेत. उपग्रहानं फुगवटा कुठवर येतो ते मोजा आणि दाखवा एकदा.

खानापूरकर
२०१९ च्या पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं आलमट्टी हे मुख्य कारण नाही असंच सांगितलंय.

कृष्णाकाठ
समित्या काहीही सांगतात. घरात गुडघाभर पाणी आमच्या येतं.

रडारवाला
ते वेगळ्या धाग्यावर भांडा. मूळ प्रश्नावर येतो, कारण खरी अडचण पुढंच आहे. स्वॉट डिसेंबर २०२२ मध्ये उडाला, ८९१ किलोमीटरवर फिरतो, त्याच वाटेवर यायला २१ दिवस लागतात. तेवढ्यात तुमच्या गावावरून एक-दोनदा जाईल. दूधगंगा तर रात्रीत चढते. शिवाय तो मुख्यतः १०० मीटरच्या वर रुंद नद्यांसाठी बनवलाय, तुमची उन्हाळ्यातली धार त्याला नीट दिसायची नाही. वर रडार का-बँडचं आहे, म्हणजे फार आखूड लहरींचं, मुसळधार पावसात सिग्नल कमकुवत होतो. म्हणजे तुम्हाला ज्या दिवशी हवा, नेमका त्याच दिवशी दगा देणार. आधीचा सरल उपग्रहही का-बँडचाच होता, इस्रो आणि फ्रेंचांचा, २०१३ चा.
पुराचा इशारा द्यायला हे साधन नाही. पूर ओसरल्यावर कुठं किती चढलं होतं ते ताडून बघायला चांगलं आहे.

नदीकाठचा_पोरगा
वजा केलं, आकडा पाचशे तीसच्या जवळ बसला. पण मग मोटारींचं काय? साडेसात एचपीच्या आहेत, चौघं लागतात वर ओढायला. गेल्या वेळी स्टार्टरची पेटी झाडाच्या खोडाला बांधून वर पळालो, सकाळी बघतो तर पेटी आहे, तिच्यात मळी भरलेली.

अण्णा_निपाणी
पेटी खांबावर उंच बांधायची रे.

खानापूरकर
माझ्याकडं मलप्रभेच्या काठाला सौर पंप बसवलाय, अनुदान मिळतं. माहिती हवी का?

रडारवाला
तुमच्यावर पाणी येतं ते दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून. वेदगंगाही तुमच्या वरच दूधगंगेला मिळते, म्हणून तिच्यावरचं पाटगाव धरणही बघा. विसर्ग सुरू झाला की ते पाणी तुमच्या बंधाऱ्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, ते गावात जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवा. वर राधानगरी-भुदरगडकडं मोठा पाऊस असेल तर तेवढाही वेळ मिळणार नाही.

नदीकाठचा_पोरगा
विसर्ग रोज कुठं मिळतो? लिंक टाका.

सीमावासी
पावसाळ्यात कोल्हापूर जिल्हा प्रशासन रोज टाकतं, धरणं, विसर्ग आणि कुठले बंधारे पाण्याखाली गेले ती यादी. इकडच्या ग्रुपवर तेच फिरत येतं, फक्त तोवर दुपार होते.