कातकरी वाडीत घरकुलांना हातभार लावायचाय, सुरुवात कुठून करू?

कर्जतकर४२:
नमस्कार मंडळी, आमची छोटी संस्था आहे रायगडातल्या कर्जत तालुक्यात, आतापर्यंत वह्या-पुस्तकं आणि आरोग्य शिबिरं एवढंच केलंय. एका वाडीत नेहमी जातो, २२ घरं, बहुतेक कुडाची, कारवीवर माती लिंपलेली आणि वर प्लास्टिक. गेल्या जुलैत एक आजी नातवंडांना घेऊन शाळेच्या पडवीत झोपलेली बघितली, ते काही डोक्यातून जात नाही. काहींना केंद्राच्या पीएम जनमन योजनेतून २ लाखांचं घरकुल मंजूर झालंय (कातकरी आदिम जमातीत येतात म्हणून, साध्या पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचं मूळ अनुदान सपाटीला १ लाख २० हजार) पण रस्ता अर्ध्यावर संपतो, खडी-सिमेंट डोक्यावरून चढवायचं म्हणजे त्यातच पैसे संपतात. आम्ही वरचे पैसे गोळा करून द्यावेत का घरं स्वतःच बांधून द्यावीत?

डोंगरवाट:
दादा, पैशाचं नंतर, आधी वाडीचा सातबारा काढा. रायगडात कितीतरी कातकरी वाड्या खाजगी मालकाच्या जागेवर आहेत, तीन-तीन पिढ्या राहतायत पण नावावर काही नाही, आणि जमिनीला भाव आला की मालकाला जाग येते. जागा नावावर नसेल तर घरकुलही अडकतं. जमीन महसूल संहितेतल्या कलम १२२ खाली वाडी गावठाण म्हणून जाहीर करून घेता येते, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, मोजणी, प्रांताकडे खेटे हे सगळं आलं. कंटाळवाणं काम आहे, देणगीदाराला फोटो दाखवता येत नाही, पण संस्थेनं करण्यासारखं हेच. वनजमीन असेल तर वनहक्काचा दावा, तो रस्ता वेगळा.

औशाची_लेक:
स्वतः बांधून देण्याआधी आमचं ऐका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आमचं गाव गेलं, मी तिसरीत होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, झोपेतच माणसं गाडली गेली. मग एका संस्थेनं गाव दत्तक घेतलं आणि लांब माळावर सरळ रेषेत घरं बांधली. जीव वाचवणारी घरं होती, उपकार विसरणार नाही. पण गोठा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, शेत लांब पडलं, चुलते एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या, आई संध्याकाळी दारात बसायची तर बोलायला ओळखीचं कुणी नाही. दोन वर्षांत लोकांनी पुढं पत्रे ठोकून गोठे केलेच. कुणी एकदा विचारलं असतं की बाई तुझी चूल कुठं हवी, बास!

ओळंबा:
सिव्हिलवाला आहे, थोडं बांधकामाचं. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची पद्धत आहे, रॅट ट्रॅप बाँड म्हणतात, वास्तुविशारद लॉरी बेकरनी केरळात खूप वापरली. विटा साधारण पाव हिश्श्यानं कमी लागतात आणि घर थंड राहतं. वर्ध्याच्या दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं माती आणि भाजलेल्या कौलांवर बरंच काम केलंय, जाऊन बघा. फक्त कोकणचा पाऊस वेगळा, जोतं दगडाचं आणि वळचण चांगली बाहेर काढलेली पाहिजे, नाहीतर मातीची भिंत दोन पावसाळ्यांत बसते. आणि वाडीतल्याच चार पोरांना गवंडीकाम शिकवा, मजुरी तिथंच राहील.

डोंगरवाट:
ओळंबा, बरोबर, पण करणार कधी? दिवाळीनंतर अख्खी वाडी वीटभट्टीवर जाते, मजुरीची उचल आधीच घेतलेली असते, परत येतात ते पावसाच्या तोंडावर. बांधकामाचा सीझनही तोच. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही गरिबांसाठी घरं बांधणारी संस्था अमेरिकेत १९७६ ला सुरू झाली तेव्हापासूनची त्यांची पद्धत म्हणजे कुटुंबानं स्वतः राबायचं आणि बिनव्याजी कर्ज हळूहळू फेडायचं, चांगली आहे, पण उचलीत अडकलेल्या माणसाला अजून एक कर्ज देऊ नका. घराला रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते ती वेळेवर पडेल एवढं बघा, आणि वरच्या पैशातून एक सीझन तरी उचल घ्यावी लागणार नाही अशी सोय करा, मग माणूस स्वतःच्या घरावर उभा राहील.

कर्जतकर४२:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तलाठी ऑफिसातून सातबारा आणला, २२ पैकी १७ घरं एकाच खाजगी गटात आहेत आणि ज्यांना घरकुल मंजूर झालंय त्यातली तिघं त्यातच. रविवारी वाडीत बसतोय, भट्टीचे मुकादम यायच्या आत. ताई, चुलीचं विचारतो. डोंगरवाट, ठरावाचा नमुना असेल तर मेसेज कराल का?

डोंगरवाट:
रात्री पाठवतो. ठरावात घरांची संख्या आणि गट नंबर दोन्ही टाका, आमचा एकदा त्यावरच परत आला होता.