इझाकाया आणि साके : तुमचे अनुभव लिहा

तोक्योतल्या आमच्या जुन्या बुचोंचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, आज मेल आला. मार्चअखेर निवृत्त झाले. शिंबाशीच्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. रेल्वेपुलाखालच्या गल्लीत लाल कंदील लावलेली इझाकाया, म्हणजे पिण्याखाण्याची साधी दुकानं, आत पाऊल टाकलं की "इराश्शाइमासे!"चा गजर, हातात गरम ओला रुमाल. पहिली ऑर्डर ठरलेली, "तोरिआएझु बीरु", आधी बियर आणा, बाकी मग बघू. साके, म्हणजे तांदळाची दारू, त्यानंतर. मीटिंगमध्ये चकार शब्द न काढणारे बुचो तिथे मुलीच्या प्रवेशपरीक्षेची काळजी बोलून दाखवायचे. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, तोक्कुरी, म्हणजे साकेची सुरई, दोन्ही हातांनी धरून शेजाऱ्याच्या ओचोकोत, म्हणजे छोट्या पेल्यात, ओतायची, त्यानेही पेला उचलून पुढे करायचा. वयाने, हुद्द्याने एवढा मोठा माणूस माझा पेला भरतोय म्हटल्यावर मी पहिल्यांदा उठूनच उभा राहिलो होतो. जपानी माणूस मला त्या टेबलांवरच कळला. लिहा तुम्हीही. न पिणाऱ्यांनीसुद्धा.

पोटोबा
मासू! चौकोनी लाकडी मापात ग्लास ठेवतात आणि ग्लास भरून मासूत सांडेपर्यंत ओततात. उचलायचा नाही, आधी वाकून एक घोट घ्यायचा. मासूत सांडलेली शेवटी ग्लासात. तो लाकडाचा वास अजून नाकात आहे. बाकी संध्याकाळी लिहितो, स्टेशन आलं.

वरणभात
शाकाहाऱ्यांचे हाल कोण लिहिणार? हियायाक्को मागवलं, थंडगार तोफू, वर किसलेलं आलं, कांद्याची पात... आणि त्यावर कात्सुओबुशी, सुक्या माशाचे तासलेले पापुद्रे. अगेदाशी, म्हणजे तळलेल्या, तोफूच्या रश्शात दाशी, म्हणजे परत मासाच. मग एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, आणि भाजलेल्या शिशितो मिरच्यांवर भागवायचं. पण आमच्या स्टेशनजवळच्या मालकांना एकदा नीट समजावून सांगितलं, तर पुढच्या वेळी न मागता माझ्यापुढे तोफू आला. वर नुसतं मीठ नि तिळाचं तेल. इतकं लक्षात ठेवतं का हो कुणी?

रत्नांग्री
@वरणभात ताई, तुमचा तो पापुद्रा इकडे पाठवा 😄
साबा शिओयाकी म्हणजे मीठ लावून भाजलेला बांगडाच. सोबत किसलेला मुळा, लिंबू. शेजारच्या टेबलावरचे आजोबा मी काटा कसा साफ करतो ते बघत होते, मग त्यांनी स्वतःच्या तोक्कुरीतली ओतली. भाषा शून्य. तासभर गप्पा.

निशिकासाई_सून
मी घेत नाही. ह्यांच्या ऑफिसच्या पार्टीला जायचं म्हणून पोटात गोळा. ऊलाँग चहा मागवला, सगळ्यांबरोबर "कांपाइ" (चिअर्स) केलं, कुणी एका शब्दाने आग्रह केला नाही. उलट माझा ग्लास रिकामा दिसला की कुणीतरी चहा भरायचंच.

दोन_मिनिटं
ओतोशी राहिलं की! न मागता येणारी ती पहिली वाटी फुकट नसते, बिलात लागते, साधारण ३०० ते ५०० येन माणशी. तो बसण्याचाच आकार समजायचा. मला एकदा मुळा-गाजराची चटकदार कोशिंबीर मिळाली होती, अजून मागितली असती तरी चाललं असतं.

मडगावकर
साके म्हणजे फेणीसारखीच ना?

कोजी_काका
नाही हो. फेणी वाफ धरून काढतात, त्या जातीची तिकडची शोचू. साके नुसती आंबवतात. कोजी बुरशी तांदळातल्या स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं, दोन्ही एकाच वेळी. म्हणून १५-१६ टक्क्यांपर्यंत सहज जाते. दाणा घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी उरवला तर गिंजो, ५० किंवा कमी तर दाइगिंजो. हिरोशिमाजवळच्या साइजोला जरूर जा, विटांची धुराडी दिसली की समजा पोचलात. साके बनवणाऱ्यांच्या दाराशी सुगी (जपानी देवदार) झाडाच्या पानांचा मोठा गोळा टांगतात. हिरवागार असेल तर नवी साके आली, तपकिरी होत गेला की ती मुरतेय. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोने साके बनवण्याच्या या कलेला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा मला घरचं कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला.
आणि दाइगिंजो कडकडीत गरम करून मागू नका कृपया. सुगंधासाठी घ्यायची ती. गरमच हवी तर साधी जुनमाइ, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली, घ्या, ४० अंशांच्या आसपास, थंडीत.

पोटोबा
आलो परत. काका, सोबत पाणी प्या हेही सांगा. मालक स्वतःहून आणून ठेवतात.

दोन_मिनिटं
आणि सायकलसुद्धा नेऊ नका! पिऊन सायकल चालवण्याचे नियम २०२४च्या नोव्हेंबरपासून कडक झालेत. गाडीचं तर विचारूच नका, शेजारी बसणारा आणि दारू देणाराही कायद्यात अडकतो.

वरणभात
पुण्यात एदामामे मिळतात का कुठे?

निशिकासाई_सून
मोठ्या दुकानांत फ्रोजनमध्ये बघा. खारट पाण्यात पाचेक मिनिटं उकळा, बस.

रत्नांग्री
आसारी साकामुशी, म्हणजे साकेत वाफवलेले शिंपले, कुणी घरी केलीय का? आईला करून घालायचीय. त्या आपल्या तिसऱ्याच.

कोजी_काका
सोपी आहे. मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढा. लसूण परता, तिसऱ्या, वर अर्धी वाटी साके, झाकण. तोंडं उघडली की लगेच गॅस बंद. शेवटी लोणी आणि पात. खोबरं मात्र घालू देऊ नका आईंना.

रत्नांग्री
ते कठीण आहे काका.