कोरी रायफल : घडी मोडावी की नाही?

ओहायोकर
माझ्याकडे ली-एनफिल्ड नं. 4 मार्क 2 ही ब्रिटिश बनावटीची .303 लष्करी रायफल आहे. लिव्हरपूलच्या फाझाकर्ली इथल्या सरकारी कारखान्यात 1950 च्या दशकात आयर्लंडच्या सैन्यासाठी बनलेल्या खेपेतली. क्रमांक ‘पीएफ’ने सुरू होतो. ग्रीस चोपडून, कागदात गुंडाळून ठेवलेली, एकाही शिपायाच्या हाती न गेलेली. इकडचे संग्राहक अशा रायफलीला ‘ममी’ म्हणतात. आयर्लंडने 1960 च्या दशकात एफएन फाल ही नवी रायफल घेतली आणि यातल्या बऱ्याच गोदामात पडून राहिल्या. 1990 च्या दशकात अमेरिकेत विकायला आल्या, तेव्हा अनेकांनी घरी नेल्या नेल्या कागद फाडला.

माझं मत ठाम आहे : उघडू नये. उघडलेल्या नं. 4 हव्या तेवढ्या मिळतात. बाजारातल्या ‘अगदी नव्यासारख्या’ बघा, आरशासारख्या चकाकतात. ती चकाकी कारखान्याची नाही, हौशी मालकांची. मूळ काळा रंग कसा होता, पुढचं लाकूड कारागिराने कसं घासून बसवलं होतं, हे दाखवणारा नमुना कुठेतरी शाबूत हवा की नको?

खटका
साफ नामंजूर. मार्क 2 मुळात काढली कशाला? आधीच्या मार्कांमध्ये ट्रिगर खालच्या गार्डला अडकवलेला असायचा. दमट हवेत लाकूड फुगलं की खटक्याची ओढ बदलायची. 1949 पासून मार्क 2 मध्ये तो थेट रिसीव्हरलाच, म्हणजे रायफलीच्या धातूच्या मुख्य सांगाड्याला, टांगला. सगळी करामत त्या दोन टप्प्यांच्या ओढीत आहे, आणि तुम्ही ती कागदात कोंडून ठेवणार! जो नमुना कुणालाच दिसत नाही, तो नमुना कसला?

मी माझी उघडली. बाहेरचं ग्रीस सुकून गुळाच्या पाकासारखं झालेलं, स्क्रूच्या खाचांत घट्ट बसलेलं. उन्हात ठेवली तर लाकडाच्या रंध्रांतून दोन दिवस तेल पाझरत होतं. पण खालून निघालेल्या धातूवर एक ओरखडा नव्हता.

ओहायोकर
@खटका, म्हणजे कागदाने आपलं काम चोख केलं होतं. तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

रसायनवाली
दोघेही ग्रीसवर फार विसंबताय. हे गंजरोधक ग्रीस, म्हणजे कॉस्मोलीन, पेट्रोलियमपासून बनतं. त्यातला उडून जाणारा भाग वर्षानुवर्षं कमी होत जातो आणि उरलेला थर कडक होतो. तडा गेला की आत दमट हवा शिरते, आणि कागदाखाली धरलेला गंज कुणालाच दिसत नाही. पैठणीसुद्धा घडी बदलत ठेवावी लागते, नाहीतर घडीवरच विरते.

उघडायची असेल तर नीट उघडा. आधी जसंच्या तसं वेष्टन सगळ्या बाजूंनी टिपा, कागद जपून ठेवा. धातूला मिनरल स्पिरिट, लाकडाला फक्त हलकी ऊब. पुढचं लाकूड काढू नका, त्याचं बसणं एकदा बिघडलं की नेमही बिघडतो. बोल्टच्या आतलं ग्रीस मात्र निघालंच पाहिजे, नाहीतर फायरिंग पिन अडखळते. नंतर नुसत्या बोटांनी हाताळू नका, घामाच्या ठशावर गंज चढतो. आणि चामड्यानेही धातू गंजतो, तेव्हा चामडी पट्टा लावून कपाटात ठेवणाऱ्यांना तर माझा दंडवत.

संशयात्मा
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. आत काय आहे हे कशावरून? अमेरिकेत 1968 च्या कायद्याने जुन्या लष्करी रायफलींची आयात बंद झाली, 1984 मध्ये जुन्या संग्राह्य शस्त्रांपुरती पुन्हा सुरू झाली. आयात केलेल्या शस्त्राच्या धातूवर आयातदाराचा शिक्का लागतो. तो काय कागदावरून मारला? कुठेतरी वेष्टन उघडलं गेलंच असणार. मग ‘अस्पर्श’ म्हणून जास्तीचे पैसे कशाचे मोजलेत? ग्रीस आणि कागद काय, कुणीही गुंडाळून देईल.

ओहायोकर
नळीच्या टोकापाशी वेष्टन सोडलेलं आहे, शिक्का तिथेच आहे. बाकीच्या घड्या आणि ग्रीसचे डाग एकमेकांशी जुळतात. खात्री शंभर टक्के नाही, पण फसवायला एवढी मेहनत कोण घेईल?

संशयात्मा
पैसे मिळत असतील तर कोणीही.

माणगावचा
मला हे सगळं कौतुकच कळत नाही. न वापरलेल्या रायफलीला इतिहास कसला? आमच्या तालुक्याचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री. 10 जुलै 1944 ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमी गन नळीकडून धरून दस्त्याने लढले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तसलं घासलेलं, चेपलेलं हत्यार जपा ना! इकडे .303 म्हटलं की 26/11 ला सीएसटीवर तीच घेऊन एके-47 समोर उभे राहिलेले आमचे पोलीस आठवतात. आणि भारतात .303 हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), म्हणजे सामान्य माणसाला ही चर्चा दुरूनच ऐकायची.

खटका
@माणगावचा, घाडग्यांना मुजरा. पण हत्यार घडवणाऱ्या फिटरचा इतिहास इतिहास नाही का? वापरलेल्या रायफलीत त्याचं काम झिजून गेलेलं असतं. कोरी जपायची ती त्याच्यासाठी. उघडून जपा एवढंच म्हणतोय. खंडेनवमीला आपण शस्त्र बाहेर काढून पुसतो, गाठोड्याची पूजा करत नाही.

ओहायोकर
पूजा करतच नाही मी. कपाटात आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवतो, उघड्या टोकाला तेलाचा हात फिरवतो, आणि दर वर्षी कागदाचे फोटो काढून मागच्या फोटोंशी ताडून बघतो. डाग पसरलेला दिसला तर उघडीन. तोवर नाही.

रसायनवाली
डाग बाहेर दिसेपर्यंत आत उशीर झालेला असतो, ओहायोकर. निदान त्या सोडलेल्या टोकातून नळीत बोअरस्कोप (नळीत शिरणारा बारीक कॅमेरा) घालून बघा. कागद फाटणार नाही, आणि संशयात्म्यालाही फोटो दाखवता येतील.